मास्क हनुवटीवर कसा आला?

एप्रिल २०२० मध्ये आमच्या सोसायटीत दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जात होत्या. सोड्याच्या पाण्यातून निघाल्याशिवाय भाजी ओट्यावर येत नसे. तेव्हा देशभरात रोज कोरोनाचे दोन हजारांच्याही आत नवे रुग्ण सापडत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये रोजचे रुग्ण दहा हजारांच्या आसपास होते, महिनाअखेरीस अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, आणि आमच्याच सोसायटीतली माणसं मास्क हनुवटीवर ओढून लग्नाच्या पंगतीला बसत होती. ‘लोकांना अक्कल नाही’ असं जो तो म्हणायचा. मला ते पटत नाही. अक्कल तीच होती. शिकण्याचा रस्ता बदलला होता.

मानसशास्त्रज्ञ राल्फ हर्टविग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. संगणकाच्या पडद्यावर दोन बटणं. पहिलं दाबलं की दर वेळी ३ गुण. दुसऱ्यावर ३२ गुण, पण दहात एकदाच, एरवी शून्य. ज्यांना हे आधी लिहून दिलं, त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी दुसरं बटण निवडलं. इतरांना काहीच सांगितलं नाही. हवं तितक्या वेळा दाबून बघा आणि मग ठरवा, एवढंच. त्यांच्यात दुसरं निवडणारे पाचांत एक निघाले.

कुणी शंभर वेळा दाबत बसत नाही. एक बटण सात वेळा दाबलं, तर ३२ एकदाही न दिसण्याची शक्यता ०.९ चा सातवा घात, म्हणजे ०.४८. जवळजवळ निम्म्या लोकांच्या लेखी ते ३२ नसतंच. म्हणून दुर्मीळ गोष्ट वाचून कळली की मनात फुगते आणि अनुभवाने शिकायला गेलं की आक्रसते.

आता बटणाच्या जागी मंडई धरा. हिशेबापुरतं समजा, एका फेरीत लागण होण्याची शक्यता शंभरात एक. दहा फेऱ्यांनंतरही शंभरातले ९० जण ठणठणीत, आणि प्रत्येकाच्या गाठी दहा अनुभव: मास्क नव्हता, काही झालं नाही. सत्तर फेऱ्यांपर्यंत निम्म्यांना लागण होते, पण मत दहाव्या फेरीलाच बनलेलं असतं. शिवाय ज्याला झाला तो दार लावून घरात किंवा दवाखान्यात. रस्त्यावर भेटतात ते सुटलेलेच. त्यांच्याकडे बघून आपलं मत आणखी पक्कं होतं.

आर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथीच्या गोळ्या याच गणितावर चालल्या. २०२० मध्ये त्या सोसायट्यांतून, वस्त्यांतून वाटल्या गेल्या. ३० म्हणजे शंभर पटींनी तीस वेळा पातळ केलेलं, एकावर साठ शून्यं. एका मोलमध्ये (पदार्थ मोजण्याचं रसायनशास्त्रातलं एकक) रेणू असतात सुमारे ६ गुणिले १० चा २३ वा घात, त्यामुळे गोळीत मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची आशा नाही. तरी शंभर जणांनी खाल्ली तर नव्वद जण ‘मला गुण आला’ म्हणणारच. न खाणारेही नव्वदच सुटले असते, ते कोण मोजणार?

आणि लस? कोविशील्डने रक्ताच्या गुठळ्या होतात, हे लोकांनी बातमीत वाचलं, अनुभवलं नाही. मे २०२१ मध्ये सरकारी समितीने सांगितलेलं प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१ होतं. बिनमास्क मंडईत जाणारे आमचे शेजारी त्या बातमीने दोन महिने लसीला गेले नाहीत. मंडईचा धोका त्यांना अनुभवाने शिकवला होता आणि लसीचा बातमीने.

यावर एक तोड माहीत आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी सीटबेल्टबद्दल लोकांना एका प्रवासाऐवजी आयुष्यभराच्या प्रवासांचा एकत्रित धोका सांगितला, तेव्हा बेल्ट लावू म्हणणारे वाढले. आपल्याकडे रोज संध्याकाळी टीव्हीवर फक्त त्या दिवसाचा आकडा यायचा. आज मास्क न लावणाऱ्याचं महिन्याभराने काय होईल, हे त्याला कुणी मोजून सांगितलंच नाही.