डग्गा कुठे हरवतो? फेजची पोकळी आणि खोलीची पोकळी

सबवूफर (फक्त खालचे सूर, म्हणजे बेस, वाजवणारा स्पीकर; थोडक्यात सब) आणला, जोडला, आवाजही चढवला, तरी नेहमीच्या जागी बसल्यावर तबल्याचा डग्गा आधीपेक्षा पातळ लागतो. ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांतून ही तक्रार मी बऱ्याचदा ऐकतो. उपाय बहुधा एकच केला जातो, सबचा व्हॉल्यूम आणखी वाढवायचा. मग शेजारच्या खोलीतली भांडी थरथरतात आणि डग्गा मात्र तसाच. बेस असा गायब होण्याची मुख्य कारणं दोन आहेत. ऐकायला ती जवळजवळ सारखी लागतात, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिलं कारण फेज, म्हणजे दोन लाटांच्या चढउताराचा मेळ. छोटे बुकशेल्फ स्पीकर आणि सब यांची हद्द साधारण ८० हर्ट्झला (सेकंदाला ८० कंपनं) ठेवतात, त्याखालचे सूर सबकडे, वरचे स्पीकरकडे. त्या हद्दीच्या आसपास एकच सूर दोघंही वाजवत असतात. तुमच्या कानाशी एकाची लाट हवा दाबत असेल आणि त्याच क्षणी दुसऱ्याची ओढत असेल, तर दाराला दोन्ही बाजूंनी सारखाच जोर लावल्यासारखं होतं, दार हलतच नाही. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे ४.३ मीटर. म्हणजे कोपऱ्यातला सब स्पीकरपेक्षा तुमच्यापासून दोनेक मीटर लांब असेल, तर त्याचा सूर अर्धी लाट उशिरा पोचतो आणि स्पीकरच्या सुराला खातो. सबच्या आतला फिल्टर आणखी उशीर घालतो, त्यामुळे नुसती टेप घेऊन अंतर मोजून भागत नाही. बऱ्याच स्टिरिओ अॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरकडे जाणारे खालचे सूर कापायची सोय नसते. तिथे स्पीकर आणि सब यांचा सामाईक पट्टा रुंद होतो आणि नुकसानही पसरतं.

दुसरं कारण खोली. समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज मागेपुढे आपटतो, आणि ज्या सुरांची लाट त्या मापात नेमकी बसते ते सूर खोलीत काही जागी फुगतात, काही जागी जवळजवळ शून्य होतात. बैठक ५ मीटर लांब धरा. लांबीच्या दिशेनं पहिला असा सूर ३४ हर्ट्झचा, दुसरा ६९ चा. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाची तार याच ६९ च्या आसपास असते! आणि या दुसऱ्या सुराची शून्याची जागा दोन्ही टोकांच्या भिंतींपासून पाव लांबीवर, म्हणजे सव्वा मीटरवर पडते. मागच्या भिंतीपासून थोडा पुढे ओढलेला सोफा हमखास तिथेच असतो. अगदी मधोमध बसलात तर ३४ हर्ट्झ जातो.

आपल्याकडे हे जास्त जाणवतं. अमेरिकेतल्या घरांच्या जिप्समच्या पातळ भिंती थोडा बेस गिळतात, थोडा बाहेर जाऊ देतात. दगडी जाड भिंती आणि फरशी तसं काही करत नाहीत, म्हणून फुगवटेही मोठे आणि खड्डेही खोल. उन्हाळ्यात हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, त्यामुळे जानेवारीत ६८ हर्ट्झवर असलेला हा दुसरा सूर जूनमध्ये ७१ च्या जवळ जाऊ शकतो.

आता ओळखायचं कसं? हा भाग मनापासून करा, सगळं यावरच अवलंबून आहे. कूलर आणि पंखा बंद करा, कारण त्यांची घरघर नेमकी याच पट्ट्यात असते. आवाज बेताचा ठेवून ५० ते १०० हर्ट्झचे सलग सूर दहा-दहाच्या टप्प्यानं वाजवा आणि प्रत्येक सूर आपल्या जागेवर बसून तीनदा ऐका: फक्त सब, फक्त स्पीकर, मग दोन्ही. फोनवरचं आवाज मोजायचं अॅप चालेल, आपल्याला फक्त तुलना हवी आहे. एकेकटे नीट ऐकू येतात आणि एकत्र वाजवल्यावर आवाज पडतो, तर ती फेजची पोकळी. सब एकटाही मंद, स्पीकर एकटेही मंद, पण उठून दोन पावलं सरकल्यावर तोच सूर अंगावर येतो, तर ती खोलीची. या परीक्षेला जुनी ध्वनिमुद्रणं वापरू नका. कृष्णराव शंकर पंडितांचं गाणं कितीही प्रिय असलं, तरी त्या काळच्या मुद्रणात हे खालचे सूर मुळातच कमी उतरले आहेत.

फेजची पोकळी फुकटात भरते. हद्दीचा सूर लावून सबच्या मागचा ० आणि १८० चा खटका बदलून पाहा, जिथे आवाज मोठा तिथे ठेवा. खटक्याऐवजी फेजचं फिरवायचं बटण असेल तर अॅम्प्लिफायर बंद करून दोन्ही स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लावा, मग सूर सगळ्यात मंद होईपर्यंत बटण फिरवा आणि तारा पुन्हा सुलट करा. सगळ्यात मोठा आवाज शोधण्यापेक्षा सगळ्यात मंद आवाज कानाला पटकन सापडतो. सब हलवला किंवा हद्द बदलली की हे पुन्हा करावं लागतं. व्हॉल्यूम सगळ्यात शेवटी.

खोलीच्या पोकळीला हे खटके उपयोगी नाहीत. इक्वलायझरनं (ठरावीक सूर कमीजास्त करायच्या सोयीनं) तो सूर १० डेसिबल चढवला तर अॅम्प्लिफायरला दहापट ताकद लागते. थेट येणारा आवाज वाढतो तसाच भिंतीवरून परतणाराही वाढतो, आणि खड्डा खड्डाच राहतो. खुर्ची सरकवा. ५ मीटरच्या खोलीत मागच्या भिंतीपासून १.९ मीटरच्या आसपास ३४ आणि ६९ हे दोन्ही सूर बऱ्यापैकी मिळतात. भिंतीला टेकून बसलात तर बेस भरपूर मिळेल, पण घुमणारा.

मैफलीसारखे चारपाच जण गादीवर पसरून ऐकणार असतील, तर एकाच जागेचा विचार पुरत नाही. हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब निरनिराळ्या जागांमधला फरक चांगला कमी करतात असं दिसलं. एका महागड्या सबच्या पैशात दोन साधे घ्यावेत, असं माझं मत त्यामुळेच आहे. फेज मात्र दोघांचीही जुळवावी लागेल.