ज्यू बालवाडीतील सण आणि हातकाम

ज्यू बालवाडी : साधारण दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ज्यू समाजात चालणारी पूर्वप्राथमिक शाळा. हिब्रूत तिला ‘गन’ म्हणतात आणि शिकवणाऱ्या बाईंना ‘गननेत’. गन म्हणजे बाग. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिख फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. हिब्रू शब्द त्यावरूनच आला. मराठीतल्या ‘बालवाडी’तही वाडी आहेच, आणि कोकणातल्या माणसाला वाडी म्हटले की आधी नारळी-पोफळीच आठवतात.

या बालवाडीचे वर्ष सणांभोवती फिरते. सण जवळ आला की त्याची गोष्ट सांगितली जाते, पण बहुतेक वेळा गोष्टीच्या आधी हातात काहीतरी येते : कणकेचा गोळा, मेंढ्याचे शिंग, मातीची पणती. बायबलच्या ‘निर्गम’ ग्रंथात सिनाई पर्वतापाशी लोक म्हणतात, ‘नासे वेनिश्मा’, आम्ही करू आणि ऐकू. करणे आधी आणि ऐकणे नंतर, हा क्रम तालमुद या प्राचीन धर्मचर्चा-ग्रंथाच्या काळापासून चर्चेत आहे. तीन वर्षांच्या मुलापुरता तरी तो क्रम अगदी बरोबर आहे. शिक्षणासाठी हिब्रूत ‘खिनुख’ हा शब्द आहे. ‘हनुक्का’ या सणाचे नावही त्याच धातूपासून आले असून एखादी वस्तू पहिल्यांदा वापरात आणणे, तिची सुरुवात करणे, असा त्याचा मूळ अर्थ आहे.

अक्षरओळखीचा जुना विधीही हातातोंडाशीच जोडलेला होता. वर्म्स येथील रब्बी एलाझार यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील एका प्रथेचे वर्णन केले आहे. शावुओत सणाला, म्हणजे तोरा हा धर्मग्रंथ मिळाल्याच्या दिवशी, लहान मुलाला गुरूकडे नेत, पाटीवरच्या अक्षरांना मध लावत आणि मुलगा तो चाटून घेई. सोबत वचने लिहिलेल्या गोड पोळ्या आणि उकडलेली अंडीही खायला मिळत. सनातनी ज्यू कुटुंबांत आजही तीन वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा शाळेत नेताना मधाची अक्षरे चाटायला देतात. त्याच वयात मुलाचे पहिले केस कापण्याची चाल हसिदी या धर्मनिष्ठ ज्यू पंथात आहे. तिला ‘उपशेरिन’ म्हणतात. आपल्याकडच्या जावळाची आठवण व्हावी असाच हा प्रसंग असतो.

पहिली हिब्रू भाषिक बालवाडी १८९८ मध्ये तेव्हाच्या पॅलेस्टाइनमधील रिशोन लेझियोन या ज्यू वसाहतीत सुरू झाली. तेव्हा अडचण मोठी होती. मुलांना हिब्रूत शिकवायचे, तर मुलांच्या तोंडी बसतील अशी हिब्रू गाणीच नव्हती. ती पुढच्या दशकांत लिहिली गेली, त्यांत लेविन किप्निस यांचा वाटा फार मोठा. सणासाठी गाणे हवे म्हणून बाई मागणी करीत आणि किप्निस ते लिहून देत. १९७८ मध्ये त्यांना इस्रायल पुरस्कार मिळाला. घरात किंवा सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) होणारा सण याच काळात वर्गात आला, आणि येताना थोडा बदललाही. आज ‘पूर्वापार’ वाटणारे बरेच बालवाडी-सोहळे शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडचे नाहीत. इस्रायलमध्ये १९४९ च्या कायद्याने पाच वर्षांच्या मुलांना बालवाडी सक्तीची झाली. तीन आणि चार वर्षांच्या मुलांना विनामूल्य बालवाडी देण्याची अंमलबजावणी मात्र २०१२ पासून झाली. अमेरिकेत अशा शाळा बहुधा सिनेगॉग, ज्यू समाजकेंद्रे किंवा खबाद ही हसिदी चळवळ चालवते. त्यांतल्या अनेक शाळांत ज्यू नसलेली मुलेही येतात.

सगळ्यांत नेमाने होणारा कार्यक्रम सणाचा नव्हे, आठवड्याचा : शुक्रवारचा ‘कबालात शब्बात’, म्हणजे शब्बाताचे स्वागत. शब्बात, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शाळा त्याआधीच सुटते, त्यामुळे वर्गातला हा सोहळा खरे तर रंगीत तालीमच. एक मुलगी ‘शब्बाताची आई’ होते, एक मुलगा ‘शब्बाताचा बाबा’. पांढरा टेबलक्लॉथ, दोन मेणबत्त्या, पेल्यात द्राक्षाचा रस आणि ‘खल्ला’ नावाचा पाव एवढी मांडणी असते. खल्ला मुले स्वतः वळतात. पिठाच्या तीन लांब वळ्या करून वेणी घालायची. तीन वर्षांच्या मुलाची वेणी सुटते, गाठ बसते, पण ओव्हनमधून निघाल्यावर सगळ्या सारख्याच फुगलेल्या आणि तपकिरी दिसतात. पाव झाकायला मलमलीचे कापड रंगवायचे, हेही ठरलेले काम. झाकायचा का, याचे उत्तर मुलांना फार आवडते : आशीर्वाद आधी द्राक्षरसावर म्हणायचा असतो, आपला नंबर मागे गेला हे पाहून पावाला लाज वाटू नये म्हणून. दर शुक्रवारी ‘त्सेदाका’च्या डब्यात, म्हणजे दानपेटीत, नाणे टाकायचे असते. डबा बहुधा मुलांनीच कागद चिकटवून सजवलेला असतो.

ज्यू पंचांग चांद्र-सौर आहे, त्यात एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात, त्यामुळे सण इंग्रजी तारखांवर दरवर्षी पुढे-मागे होतात. अमेरिकेतल्या शिक्षिकांची खरी कसरत सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. शाळा नुकती सुरू झालेली, मुले दाराशी रडतायत, नावेसुद्धा पाठ नाहीत, आणि तीन-साडेतीन आठवड्यांत रोश हाशाना, योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा उपवास), सुक्कोत आणि सिमहात तोरा (तोरावाचनाचा आनंदसोहळा) ओळीने येऊन उभे राहतात.

रोश हाशाना म्हणजे नववर्ष. वर्ष गोड जावे म्हणून सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात. लाल, हिरवे, पिवळे सफरचंद चाखून कोणते आवडले त्यासमोर प्रत्येकाने ठिपका चिकटवायचा, की मुलांचा पहिला तक्ता तयार. सफरचंद आडवे कापून रंगात बुडवून ठसे काढतात, मध्ये बियांची चांदणी उमटते. तिला पाचच टोके असतात, दाविदाच्या ताऱ्याला सहा. मोजता येणारे मूल हे बाईंना सांगितल्याशिवाय राहत नाही. मेंढ्याच्या शिंगाचे ‘शोफार’ वाद्य हातोहात फिरते. फुंकून आवाज काढणे मोठ्यांनाही सहज जमत नाही, आणि एखाद्या चार वर्षांच्या मुलाला अचानक जमते, तेव्हा वर्गात जो जल्लोष होतो तो कुठल्याही पाठापेक्षा जास्त लक्षात राहतो.

सुक्कोतला अंगणात खोपट उभारतात, त्याला ‘सुक्का’ म्हणतात. छप्पर झाडाच्या तोडलेल्या फांद्यापानांचे हवे, आणि आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी. फटींतून तारे दिसावेत अशीही अपेक्षा असते. बालवाडीत बुटांच्या खोक्याची छोटी सुक्का करतात. वर पाने पसरायची आणि आत डोके घालून वर बघायचे : आभाळ दिसते का? मोठ्या सुक्केसाठी रंगीत कागदाच्या साखळ्या होतात. या सणाच्या चार वनस्पती म्हणजे एत्रोग (आपले महाळुंग), खजुराचा न उमललेला झाप, सुगंधी मर्टलची डहाळी आणि वाळुंजाची फांदी. जुन्या मिद्राशात, म्हणजे बायबलवरील भाष्यात, त्यांची विभागणी चव आणि वास यांवरून केलेली आहे. महाळुंगाला दोन्ही, खजुराला चव पण वास नाही, मर्टलला वास पण चव नाही, वाळुंजाला दोन्ही नाही. डोळे बांधून हुंगण्याचा खेळ यातून आपसूक तयार होतो. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश वर्गीकरणाच्या धड्यासाठी इतका सोयीचा पडावा, ही गंमतच.

हनुक्का आठ रात्रींचा, हिवाळ्यात येणारा दिव्यांचा सण. नऊ ज्योतींचा दिवा करायचा असतो : आठ एका ओळीत, सारख्या उंचीवर, आणि बाकीचे पेटवणारा ‘शम्माश’ वेगळा किंवा उंच. मातीच्या पट्टीत लोखंडी नट दाबून मेणबत्तीची घरे करण्याची युक्ती बालवाड्यांत सगळ्यांना माहीत आहे. यात मोजणे, अंतर राखणे, उंची जुळवणे असे बरेच काही घडते, आणि नियम चुकला तर तो दिवा शोभेचाच राहतो, हे मुलांना कळते. ऑलिव्ह दगडाखाली चिरडून तेल काढून बघतात. हाताला वास लागतो, तेल थेंबभरच निघते, आणि एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरल्याच्या गोष्टीला तिथे वजन येते. ‘द्रेदेल’ किंवा ‘सेविवोन’ हा दोरीशिवाय बोटांनी फिरवायचा चौकोनी भोवरा. त्याच्या चार बाजूंवरील अक्षरांवरून ठरते, की डावातले काहीच नाही घ्यायचे, सगळे घ्यायचे, अर्धे घ्यायचे की आपल्यातले टाकायचे. ‘तिथे मोठा चमत्कार झाला’ या वाक्याची ही आद्याक्षरे. इस्रायलमधल्या भोवऱ्यावर ‘तिथे’च्या जागी ‘इथे’चे अक्षर असते.

तू बिश्वात हा झाडांचा नववर्षदिन. १८९० मध्ये झिखरोन याकोव येथील शिक्षक झेव यावेत्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन झाडे लावली, तिथून वृक्षारोपणाची शाळकरी प्रथा पडली. अमेरिकेच्या उत्तरेत तेव्हा बर्फ असते, झाड लावणार कुठे? म्हणून खिडकीत कुंडीत पार्सली पेरतात. दोन महिन्यांनी पेसाखच्या, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामगिरीतून सुटकेच्या सणाच्या, ताटात मिठाच्या पाण्यात बुडवायला हिरवा पाला लागतो, तो मुलांनी घरच्या कुंडीतून खुडून न्यायचा. एका सणाचे काम दुसऱ्या सणात उगवते. माझ्या मते सगळ्या उपक्रमांत हा सर्वांत बुद्धिमान.

पुरीमला वेषांतर आणि गोंगाट. बायबलमधल्या एस्तेरच्या ग्रंथात ज्यूंच्या जिवावर उठलेल्या खलनायक हामानचे नाव पन्नासाहून अधिक वेळा येते, आणि दर वेळी खुळखुळे वाजवून ते बुडवायचे असते. कागदी ताटली दुमडून आत घेवडा भरला की खुळखुळा झाला. शिवाय निदान दोन खाद्यपदार्थांची भेट एखाद्याला द्यायची, त्यासाठी टोपल्या सजवतात.

पेसाखचा धडा वर्ग आवरण्यातून मिळतो. या सणाच्या आठवड्यात ‘हामेत्स’, म्हणजे गहू, जव वगैरे पाच धान्यांचे आंबलेले काहीही, खायचे तर नाहीच, जवळही ठेवायचे नाही. बालवाडीत ते किती ठिकाणी लपलेले असते याची कल्पना बाहेरच्याला येत नाही. खेळायची कणीक गव्हाच्या पिठाची, मॅकरोनीच्या माळा गव्हाच्या, खेळभांड्यांच्या कपाटात कोणीतरी ठेवलेले बिस्किट. सण जवळ आला की मुलेच कणीक संपवतात, कपाटे पुसतात, खेळणी धुतात. तांदूळ आणि डाळींच्या परातीचा प्रश्न वेगळा : अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, परंपरेत पेसाखला ते खात नाहीत, पण जवळ ठेवायला मनाई नाही. तरी लहान मुले काय तोंडात घालतील सांगता येत नाही, म्हणून बऱ्याच शिक्षिका परात उचलून ठेवतात. आदल्या रात्री घरी मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन पावाचे दहा लपवलेले तुकडे शोधायची रीत आहे. तिचा सराव वर्गात पडदे ओढून होतो.

बेखमीर भाकरीला ‘मात्सा’ म्हणतात. पिठाला पाणी लागल्यापासून ती अठरा मिनिटांत भाजून निघाली पाहिजे. गजर लावायचा, एकाने पीठ ओतायचे, दुसऱ्याने पाणी, मग मळणे, लाटणे, काट्याने टोचणे. सगळे ओरडतात, कोणाची तरी भाकरी जमिनीवर पडते. इजिप्तमधून पळताना पीठ फुगायला वेळ नव्हता, हे मुलांना एव्हाना वेगळे समजावावे लागत नाही. ‘ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ हे प्रश्नगीत सणाच्या जेवणात घरातल्या सर्वांत लहान मुलाने म्हणायचे असते, त्यामुळे बालवाडीत आठवडेच्या आठवडे तेच चालते.

शावुओतला पांढरे कपडे, डोक्यावर फुलांचे गजरे आणि पहिल्या फळांच्या टोपल्या. इस्रायलमध्ये हा सोहळा किबुत्झांनी, म्हणजे सामूहिक शेतवसाहतींनी, रुजवला.

या हातकामावर ज्यू शिक्षकांमध्येच टीका आहे. भिंतीवर वीस एकसारखे दिवे लागले, तर ते मुलांचे काम की कात्री चालवणाऱ्या बाईंचे? इटलीतल्या रेज्जो एमिलिया पद्धतीचा प्रभाव असलेल्या अमेरिकी शाळा ठरीव नमुने टाळून मुलांच्या प्रश्नांमागे जातात. इस्रायलमध्ये स्दे एलियाहू किबुत्झच्या मल्का हास यांनी ‘भंगाराचे अंगण’ रुजवले : जुनी चाके, मोडकी भांडी, फळ्या, दोऱ्या, आणि मुलांना मोकळीक. तिथे सणाची वस्तू कुणी करायला सांगत नाही, तरी सुक्कोतच्या सुमारास खोपटी उभी राहतातच. दुसरा वाद अन्न वाया घालवण्याचा आहे, ‘बाल तशखीत’, नासधूस करू नये, असा धर्मनियम असल्यामुळे. तिसरी खबरदारी कागदाची : देवाचे पवित्र नाव लिहिलेला कागद कचऱ्यात टाकता येत नाही, तो जमिनीत पुरून टाकावा लागतो, म्हणून चित्रांवर ते नाव पूर्ण लिहीत नाहीत.

कोकणच्या बेने इस्रायल समाजाच्या जुन्या सणांत हनुक्का नव्हता. इतर सणांना मराठी नावे होती : पुरीम म्हणजे ‘होळीचा सण’, योम किप्पुर ‘दारफाळणीचा’, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मृतीचा तिशा बेआव हा उपवास ‘बिरड्याचा’, आणि पेसाख ‘अनासी धाकाचा सण’, कारण त्या काळात आंबट पातळ पदार्थाचे मडके, म्हणजे अनास, झाकून ठेवत. तू बिश्वातला अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाहू हनाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, टाप्यापाशी (खडकावरच्या खुणेपाशी) पोहे, गूळ, खोबरे आणि फळांचा मलिदा होतो. पोहे भिजवणे, खोबरे खवणे, फळे मोजून ताटात मांडणे यांत घरची लहान मुले हात घालतात, त्यासाठी बालवाडीची गरज कधी पडली नाही.