ओआरएसच्या पाकिटावरची चित्रे : चिमूट, मूठ आणि लिटर

हात धुवा, पाणी घ्या, पूड ओता, ढवळा. ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाण्यात मिसळून पाजायच्या मीठ-साखरेच्या पुडीच्या, पाकिटामागची ही चित्रे कोल्हापुरात महापूर ओसरल्यावर जास्त नजरेस पडतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपले आणि मीठ, ग्लुकोज, सोडा मोजून मिसळलेले पाणी पाजावे लागले. पटकीचे (कॉलऱ्याचे) मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. औषध सापडले होते. माप कसे दाखवायचे, यावर मात्र वाद झाला.

बांगलादेशात १९८० पासून दशकभर घरोघरी जाऊन शिकवले गेले : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर (सुमारे अर्धा लिटर) पाणी. सव्वा कोटीच्या आसपास घरे झाली. कोल्हापूरकराला यात नवल नाही, ढेप फोडून गूळ हातानेच घेतला जातो. पण गुळव्याची मूठ आणि नव्या सुनेची मूठ एक कशी? मीठ जास्त झाले तर तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतते, हा डॉक्टरांचा आक्षेप खोटा नव्हता. तरीही चमचा शोधत बसण्यापेक्षा हात बरा, असे म्हणणाऱ्यांचे पारडे मला जड वाटते.

नंतर चमचा जिंकला. चहाचे सहा सपाट चमचे साखर, त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ, एक लिटर पाणी. ‘सपाट’ दाखवायला चमच्यावरून सुरीची पाठ फिरवता येते. लिटर दाखवणे अवघड. तांब्या घरागणिक वेगळा, फुलपात्राचे तेच. पाच पेले काढले, तर ते आता ओतायचे की दिवसभरात प्यायचे, हे चित्रातून कळत नाही. लिटरची प्लॅस्टिक बाटली घरोघरी आली आणि पंचाईत बरीचशी मिटली.

२००२ मध्ये सूत्र बदलले. लिटरमागे सोडियम (मिठातला क्षार) ९० वरून ७५ मिलिमोलवर, म्हणजे सुमारे सहाव्या हिश्शाने खाली आले, साखरही घटली. पाणी लिटरभरच राहिले, म्हणून चित्राला हात लावावा लागला नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ लिहायला मनाई झाली. त्यावर गाजावाजा झाला, तो योग्यच. पण मेडिकलमध्ये वीसेक ग्रॅमचे लिटरचे आणि चार-साडेचार ग्रॅमचे २०० मिलीचे पाकीट शेजारी-शेजारी मिळते, त्याकडे कोणी बघत नाही. मोठे पाकीट एका पेल्यात ओतले, तर पाणी पाचपट खारट होते. हा फरक सांगणारा आकडा बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांतच असतो.