स्मार्ट प्लग आणि त्यावरचा अँपिअरचा आकडा : पार्श्वभूमी

स्मार्ट प्लग म्हणजे भिंतीतील सॉकेट आणि उपकरण यांच्यामध्ये खोचायचा, मोबाइलवरून चालू-बंद करता येणारा आणि उपकरणाने घेतलेली वीज मोजणारा प्लग. पुण्यातील घरांना विजेचा हिशेब उपकरणनिहाय मांडण्याची सवय मात्र त्याच्या आधीच, भारनियमनाच्या वर्षांत लागली. २००६ मध्ये शहरासाठी एक वेगळी व्यवस्था करण्यात आली. मागणी चढलेल्या तासांत येथील उद्योगांनी आपली जनित्रे चालवून जाळ्यावरचा भार उतरवायचा आणि त्यासाठी येणारा जादा खर्च ग्राहकांच्या बिलांतून भरून काढायचा, असे तिचे स्वरूप होते. तोवर अनेक घरांत इन्व्हर्टर आला होता, आणि इन्व्हर्टर घेताना दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो वॅटचा. पंखा सुमारे ७५, ट्यूब चोकसह पन्नासच्या वर, अशी बेरीज मध्यमवर्गीय घराने कागदावर प्रथम केली ती तेव्हा. पुढे शीतपेट्यांवर आणि वातानुकूलन यंत्रांवर तारांकित पट्ट्या आल्या. २०१३ मध्ये केबल प्रक्षेपणाच्या डिजिटायझेशनचा दुसरा टप्पा पुण्यात लागू झाला आणि घरोघरी चोवीस तास जागा राहणारा सेट-टॉप बॉक्स आला. महिन्याच्या बिलात मात्र या सर्वांचा मिळून एकच आकडा येत राहिला. पहिल्या १०० युनिटांपेक्षा १०१ ते ३०० या टप्प्यातील युनिट बरेच महाग असल्यामुळे तो आकडा फोडून पाहण्याची इच्छा स्वाभाविक होती.

सॉकेटमध्ये खोचून ठेवायचे आणि नोंद घेत राहायचे, ही कल्पनाही या शहराला परकी नव्हती. पुण्यातील एका स्वयंसेवी संस्थेने गेल्या दशकात मिनिटामिनिटाचा व्होल्टेज नोंदवून मोबाइल जाळ्यावरून पाठवणारी उपकरणे देशातील अनेक ठिकाणी लावली आणि वीज किती वेळ नसते, असते तेव्हा कितपत चांगली असते, याची नोंद सर्वांसाठी खुली केली. ते काम पुरवठ्याच्या मोजणीचे होते. वापराची मोजणी घराघरांत पोहोचायला स्वस्त प्लगची वाट पाहावी लागली.

दूरनियंत्रित प्लगचा मूळ इतिहास १९७५ पर्यंत मागे जातो. स्कॉटलंडमधील एका कंपनीने घराच्या वायरिंगमधूनच संदेश पाठवण्याची एक्स-१० ही पद्धत तयार केली. तिच्यात उपकरणांसाठी २५६ पत्ते होते, पण घरगुती भारतीय बाजाराशी तिचा फारसा संबंध आला नाही. खरे वळण २०१४ मध्ये आले. शांघायमधील एका कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप तेव्हा सर्वत्र मिळू लागली. वायफाय आणि छोटा प्रोसेसर एकाच तुकड्यात, तोही इतक्या कमी किमतीत, यापूर्वी मिळत नव्हता. दोनेक वर्षांत त्या चिपला रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच, जोडलेल्या डब्या विकायला आल्या आणि पुढे त्यांना प्लगचे रूप मिळाले. विजेच्या मोजणीसाठी एचएलडब्ल्यू८०१२ आणि नंतर बीएल०९३७ यांसारख्या चिपा आल्या. अगदी अल्प रोधाच्या पट्टीवरून प्रवाह आणि त्याच वेळी व्होल्टेज मोजून, दोहोंचा क्षणाक्षणाचा गुणाकार त्या स्पंदांच्या रूपात पाठवतात. म्हणूनच प्लगचे वॅट आणि तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरच्या अँपिअरला २३० ने गुणून काढलेला आकडा जुळत नाहीत. स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर यांच्या बाबतीत गुणाकार वाढीव उत्तर देतो. घरगुती मीटर ज्या खऱ्या, म्हणजे प्रत्यक्ष खर्च होणाऱ्या, शक्तीचे युनिट मोजतो, तीच प्लगही मोजतो.

इथवरचा इतिहास सरळ आहे. गुंता झाला तो खोक्यावर छापल्या जाणाऱ्या एका शब्दाने, आणि तो शब्द म्हणजे अँपिअर.

आपल्या गोल पिना ब्रिटिश मानकातून आल्या. त्यातले ५ आणि १५ अँपिअर असे दोन आकार येथे रुजले. पुढे भारतीय मानकाने ५ चे ६ आणि १५ चे १६ केले. पिनांची जाडी सुमारे ५ आणि ७ मिलिमीटर अशीच राहिली, त्यामुळे जुना प्लग नव्या सॉकेटात बसतो आणि जुने वायरमन आजही ‘पंधराचा पॉइंट’ म्हणतात. या व्यवस्थेत आकडा हा साऱ्या साखळीचा असे. सहाच्या सॉकेटमागची वायर बारीक, सोळाच्या सॉकेटमागची जाड, आणि पिनेची जाडी पाहूनच कोणते उपकरण कोठे लावायचे हे कळे. चूक करायची म्हटले तरी गिझरची पिन पंख्याच्या सॉकेटात जात नसे.

स्मार्ट प्लगने ही साखळी तोडली. सहाच्या पिना असलेल्या प्लगवर १० अँपिअर छापलेले असते. हा दहाचा आकडा आतल्या रिलेचा असतो. भिंतीतील सॉकेटशी आणि त्यामागच्या वायरशी त्याचा काही संबंध नाही. १० अँपिअर गुणिले २३० म्हणजे २,३०० वॅट हा हिशेब ग्राहक करतो आणि २,००० वॅटचा गिझर, म्हणजे सुमारे ८.७ अँपिअरचा भार, पिन बदलणाऱ्या जोडप्लगच्या मदतीने सहाच्या सॉकेटवर आणून ठेवतो. पेठांमधील जुन्या इमारतींत, जिथे वायरिंग बदलून कित्येक वर्षे झाली, तिथे हा हिशेब सॉकेटचे प्लास्टिक पिवळे पडण्यापर्यंत आणि पुढेही जाऊ शकतो. उत्पादकांची बाजू अशी की छापलेला आकडा खोटा नाही, रिले तेवढा प्रवाह खरोखर वाहतो. ती मान्य करूनही असे म्हणावे लागते की ज्या आकड्यावर घराची सुरक्षितता ठरते, तो सर्वांत दुबळ्या कडीचाच असायला हवा होता.

सोळाच्या प्लगचा गुंता वेगळा आहे. १६ अँपिअर म्हणजे ३,६८० वॅट, हे गिझर आणि इस्त्री यांसारख्या तापणाऱ्या उपकरणांपुरते ठीक आहे. रिलेची क्षमता सांगितली जाते ती सहसा अशाच रोधी भाराची. मोटर सुरू होताना मात्र चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर खेचते. एक अश्वशक्तीचा पंप चालताना सहा-सात अँपिअर घेत असेल, तरी सुरू होताना रिलेच्या संपर्कबिंदूंवर ठिणगी पडते आणि काही महिन्यांनी ते एकमेकांना चिकटू शकतात. मग ॲपमध्ये पंप बंद दिसतो, पण तो चालूच असतो आणि गच्चीवरची टाकी वाहू लागते. पुण्यातील विद्युत साहित्याच्या बाजारात, तपकीर गल्लीत, जाणकार दुकानदार अशा वेळी कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलला वीज मिळताच जोडला जाणारा जड भाराचा स्विच, घ्यायला सांगतात, आणि ते बरोबरच आहे. प्लगने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची आणि पंपाचा भार कॉन्टॅक्टरने उचलायचा. पण त्यात मोजणी हातची जाते, कारण प्लगमधून आता कॉइलचे काही वॅट तेवढे जातात. नियंत्रण आणि मोजणी एकाच स्वस्त डबीत मिळतात हे या वस्तूचे मुख्य आकर्षण आहे, आणि भारी मोटरच्या बाबतीत तेच आकर्षण पहिल्यांदा सुटते.

याच काळात मालकीचा प्रश्नही उभा राहिला. निरनिराळ्या नावांनी विकले जाणारे बरेचसे प्लग आतून एकाच चिनी कंपनीच्या व्यवस्थेवर चालत आणि घरातील प्रत्येक वॅटची नोंद तिच्या सर्व्हरवर जाई. २०१८ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीतील लाइपझिश येथील एका परिषदेत या व्यवस्थेतील त्रुटी दाखवण्यात आल्या. त्यांचाच उपयोग करून प्लग न उघडता त्यात आपले फर्मवेअर, म्हणजे प्लग चालवणारी आतली आज्ञावली, घालण्याची रीत २०१९ मध्ये हौशी मंडळींच्या हाती आली. कंपनीने त्रुटी बुजवल्या आणि पुढे अनेक प्लगांमधली चिपही बदलली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे आवश्यक होते, हे खरे. पण विकत घेतलेल्या वस्तूची नोंद आपल्याच घरात ठेवण्याचा सोपा मार्गही त्यातच बंद झाला. प्लग उघडून तारा जोडण्याचा मार्ग उरला, आणि तो धोक्याचा आहे. आतले इलेक्ट्रॉनिक्स थेट मेनच्या विजेशी जोडलेले असल्यामुळे भिंतीत लावलेल्या उघड्या प्लगला संगणक जोडणे जिवावर बेतू शकते. सर्व्हरवर विसंबण्याचे दुसरे टोक एप्रिल २०२२ मध्ये दिसले. अमेरिकेतील एका जुन्या कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद पडले आणि लोकांच्या घरांतील वेळापत्रके ॲपमधून बदलता येईनाशी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅटर हे निरनिराळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांसाठीचे सामाईक मानक आले. त्यात घरातल्या घरात नियंत्रणाची सोय होती, पण ऊर्जामोजणी नव्हती. ती मे २०२४ च्या १.३ आवृत्तीत आली. मधल्या काळात घेतलेल्या प्लगांची मोजणी म्हणूनच बहुधा मूळ ॲपमध्येच अडकून राहिली आहे.

राज्यात स्मार्ट मीटरवरून २०२४ मध्ये मोठा विरोध झाला आणि सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत, असे सरकारने जाहीर केले. त्यानंतर पोस्टपेड स्वरूपाचे, वेळेनुसार नोंद घेणारे मीटर बसू लागले आणि २०२५ मध्ये अशा घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत आली. प्लगमधील टायमरला यामुळे प्रथमच पैशाचा अर्थ मिळाला. विजेवरच्या स्कूटरचा सुटा चार्जर साधारण ७०० ते ८०० वॅट घेतो. तीन-साडेतीन अँपिअरचा हा स्थिर भार प्लगला झेपतो आणि दुपारी हलवताही येतो. सोसायटीच्या वाहनतळातील सामाईक सॉकेटवर असा प्लग लावून त्याच्या आकड्यावरून सभासदाकडून पैसे घेण्याची सूचनाही होते. आपापसात ठरवायला ती सोयीची असली, तरी प्लग हा प्रमाणित मीटर नाही, आणि वाद झाल्यास त्याचा आकडा पुरावा म्हणून उपयोगी पडणार नाही. धुलाई यंत्राचे वेळापत्रक लावणाऱ्यांची वेगळीच अडचण होते. बटणे इलेक्ट्रॉनिक असतील, तर प्लग चालू झाला तरी यंत्र आपोआप सुरू होत नाही.

प्लग स्वतः सुमारे एक वॅट घेत राहतो असे धरले, तर वर्षाला ८.७६ युनिट होतात. दहा प्लग लावलेल्या घराने हा भार आपल्या बचतीच्या हिशेबात आधी वजा करावा. पावसाळ्यात वीज जाऊन येते तेव्हा प्लगने कोणत्या स्थितीत यावे, हेही ॲपमध्ये ठरवावे लागते. गिझरच्या प्लगसाठी ती स्थिती ‘बंद’ हीच असावी, कारण तशी नसेल तर घरी कोणी नसताना आलेली वीज गिझर पुन्हा चालू करते.