‘साडेपाचशेची दोरी’ हॅमॉकला पुरते का?

पॅराकॉर्ड ही नायलॉनची बारीक दोरी ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो पेलते, तेव्हा हॅमॉक (दोन झाडांमध्ये बांधायची झोळी) टांगायला ती पुरेशी आहे, हा समज चुकीचा आहे. तो आकडा नवी, बिनगाठीची दोरी तुटण्याचा आहे. ७० किलोच्या माणसाचा हॅमॉक क्षितिजाशी ३० अंशांत टांगला तर प्रत्येक टोकावर ७० किलोचा ताण येतो. पण हौसेने तो १० अंशांपर्यंत ताठ ओढला की तोच ताण सुमारे २०० किलोंवर जातो, आणि गाठींमुळे दोरीची ताकद आधीच घटलेली असते. तिथे रुंद पॉलिएस्टर पट्टाच घ्यावा. झाडाची सालही वाचते. टार्पला, म्हणजे वर ताणायच्या ताडपत्रीला, एवढी ताकद लागतच नाही. तिथली खरी अडचण म्हणजे नायलॉन भिजून सैल पडते. म्हणून दोन मिलिमीटरची डायनीमा (फारशी न ताणणारी कृत्रिम धाग्याची दोरी) बरी, मात्र ती निसरडी असल्याने गाठ तपासून पाहावी.