हेगची तार आणि ब्रुकलिनचा पूल

न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल म्हटला की आठवतात ते त्याचे दोन दगडी मनोरे: पाण्यापासून ८४ मीटर उंच, टोकदार कमानींचे. चित्रांत, पोस्टकार्डांवर सगळीकडे तेच. पण पुलाचा भार तोलून धरतात त्या मनोऱ्यांवरून गेलेल्या चार पोलादी केबली. मनोरे तो भार खाली जमिनीत उतरवतात. आणि या केबलींच्या आत एक फसवणूक कायमची बांधली गेलेली आहे.

झुलत्या पुलाची केबल फक्त ताण सोसते. कपडे वाळत घालायची दोरी जितकी घट्ट ओढावी तितका तिच्यावरचा ताण वाढतो, आणि थोडा झोळ ठेवला की कमी होतो. ब्रुकलिनच्या केबलींना तसाच हिशेबाने झोळ दिलेला आहे. मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधले अंतर, ४८६ मीटरचा. २४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला तेव्हा एवढा लांब झुलता गाळा जगात कुठेच नव्हता.

पुलाची कल्पना अभियंता जॉन रोब्लिंगची. १८६९मध्ये पाहणी करताना पाय चिरडून त्याला धनुर्वात झाला आणि तो गेला. मुलगा वॉशिंग्टनने काम हाती घेतले. नदीच्या तळाशी, दाबाखालच्या हवेत पाया खणताना तोही १८७२मध्ये कायमचा आजारी पडला. पुढे अनेक वर्षे त्याच्या सूचना बांधकामापर्यंत पोहोचवल्या त्या पत्नी एमिलीने, आणि त्यासाठी ती स्वतः स्थापत्यशास्त्र शिकली. तिचे नाव खरे तर आणखी मोठ्याने घेतले जायला हवे.

केबली जागेवरच तयार झाल्या. जेमतेम चार मिलिमीटर जाडीची, जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी तार एका चाकावरून नदीच्या या तीरावरून त्या तीरावर नेत राहायचे. प्रत्येक केबलीत अशा पाच हजारांहून अधिक तारा, पीळ न देता, एकमेकींना समांतर. एकेका तारेने सुमारे दीड टन भार पेलला पाहिजे अशी अट होती.

तार पुरवण्याचे कंत्राट जे. लॉइड हेग याच्याकडे होते. तपासनीस कारखान्यात चांगली तार पास करत. गाडी पुलाकडे निघाली की वाटेत ती तार उतरवून नाकारलेली तार भरली जाई, आणि चांगली तार पुन्हा तपासणीसाठी परत जाई. १८७८मध्ये हे उघडकीस आले तेव्हा बरीच खराब तार केबलींत जाऊन बसली होती. ती काढणे शक्य नव्हते.

तरी वॉशिंग्टन रोब्लिंग डगमगला नाही, कारण केबली गरजेच्या सहापट मजबूत धरूनच आराखडा केलेला होता. खराब तार जमेस धरूनही निदान पाचपट ताकद उरते, असे त्याचे गणित निघाले. हेगच्या खर्चाने प्रत्येक केबलीत सुमारे १५० तारा वाढवल्या आणि काम पुढे चालू राहिले. गरजेच्या कितीपट ताकद ठेवली, याला अभियांत्रिकीत सुरक्षा गुणक म्हणतात. वारा, गर्दी, धातूतले दोष, आणि माणसाची लबाडीसुद्धा, असे आधी न मोजता येणारे सगळे त्यात सामावून घ्यायचे असते.

समांतर तारांचाही यात मोठा वाटा आहे. एक तार तुटली तर तिचा भार शेजारच्या तारा वाटून घेतात. शिवाय भोवतीच्या घट्ट वेढ्यामुळे तारांमध्ये घर्षण असते, म्हणून तुटलेली तारही तुटल्या जागेपासून काही अंतरावर पुन्हा भार उचलू लागते. साखळीला ही सोय नाही. अमेरिकेतच ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पोलादी पट्ट्यांच्या साखळ्यांवर टांगलेला होता, एकेका दुव्यात फक्त दोन पट्ट्या. १५ डिसेंबर १९६७ रोजी त्यातली एक पट्टी बारीकशा भेगेतून तुटली आणि अख्खा पूल नदीत कोसळला. ४६ माणसे गेली.

पण समांतर तारा असल्या तरी गंज आपले काम करतच असतो. १९८१मध्ये ब्रुकलिनच्या मनोऱ्यांपासून रस्त्यापर्यंत तिरप्या ताणलेल्या केबलींपैकी दोन तुटून एका पादचाऱ्याचा जीव गेला. गुजरातमध्ये मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळला, आणि त्याच्या एका मुख्य केबलीतल्या ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या असल्याचे चौकशी पथकाला आढळले. एवढी पडझड एका दिवसात होत नाही. केबल उघडून पाहणारा कोणी असता तर ती दिसली असती.

जपानच्या अकाशी-काइक्यो पुलाच्या केबलींत म्हणूनच सतत कोरडी हवा सोडतात: ओलावा नाही तर गंजही नाही. ब्रुकलिनच्या तिरप्या केबली अपघातानंतर बदलल्या गेल्या. चार मुख्य केबली मात्र मूळच्याच आहेत, हेगच्या तारेसकट, आणि घोडागाड्यांच्या काळात बांधलेल्या त्या पुलावरून आज मोटारी धावतात.