बसच्या गळक्या खिडकीची दुरुस्ती

जुन्या बसच्या खिडकीतून पाणी आत येऊ लागले की चौकट किंवा काच पूर्ण उतरवून, निकामी रबर व सांध्यात भरलेला जुना मसाला (सीलंट) खरवडून ती नव्याने बसवण्याचे काम. हे बॉडीवाल्याचे काम आहे, मेकॅनिकचे नव्हे. वरून सिलिकॉनची रेघ ओढून वेळ मारून नेण्याची पद्धत सर्रास आढळते. गळती तिने चार दिवस थांबते, पण पुढे खरी दुरुस्ती करणाऱ्याचे हाल होतात.

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण असल्याने इथे गळतीकडे उशिरा लक्ष जाते. खिडकीचे नुकसान मात्र पावसाच्या आधीच झालेले असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. रबर कडक होते, आखडते, कोपऱ्यांत उघडे पडते आणि त्यावर केसासारख्या चिरा जातात. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे पोलादी खांबांवर अॅल्युमिनियमची चौकट असेल तर दिवसा फुगून नि रात्री आकसून सांधा ढिला होत जातो, उरलेले काम खड्डे करतात. वळवाचा पाऊस वाऱ्यासह आडवा येतो तेव्हा हे पहिल्यांदा उघडकीला येते. पुढे आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या भरून धावतात. सप्टेंबर हा तर सोलापूरचा सर्वाधिक पावसाचा महिना.

पाणी जिथे ठिबकते तिथेच दोष असतो असे नाही. छताच्या पन्हळीतून, एखाद्या सैल रिव्हेटमधून किंवा वरच्या पत्र्याच्या जोडातून शिरलेले पाणी आतल्या आवरणामागून उतरते आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात बाहेर पडते. म्हणून नळीने पाणी मारताना सुरुवात खालून करतात. आधी खालची पट्टी, मग बाजू, मग वरची कड आणि शेवटी छत. आत एकाने कोरडा वर्तमानपत्राचा कागद धरून बसायचे. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही.

सरकत्या काचांच्या खिडकीत चौकट उतरवण्याआधी खालची खाच बघावी. तिच्या बाहेरच्या ओठाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. तिथे काळ्या मातीची धूळ, तिकिटांचे कपटे आणि शेंगांची टरफले यांचा घट्ट लगदा बसलेला सापडतो. भोके बुजली की खाच भरते आणि पाणी थेट प्रवाशाच्या मांडीवर येते. तारेने भोके मोकळी केली की कित्येकदा काम तिथेच संपते, आणि अशा वेळी चौकट उचकटणे म्हणजे नसता उद्योग.

उतरवायची ठरलीच, तर आतली पट्टी काढून स्क्रू सोडतात आणि रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवतात. पातळ पाते कडेने फिरवून जुना मसाला कापतात. चौकट एकाने आतून हलकेच ढकलायची, दुसऱ्याने बाहेरून झेलायची. पहारीने उचकटली तर अॅल्युमिनियम वाकते, आणि वाकलेली चौकट पुन्हा सरळ बसत नाही. बाजूच्या कडक केलेल्या (टफन्ड) काचेला कडेवर ठोका बसला की तिचा चुरा होतो. ती नंतर कापून लहानही करता येत नाही, त्यामुळे नवी काच मापाबरहुकूमच बनवून घ्यावी लागते. रबरात बसवलेल्या काचेची पद्धत वेगळी: रबराच्या आतल्या खाचेत दोरी घालायची, साबणाचे पाणी लावायचे, बाहेरून काच दाबून धरायची आणि आतून दोरी ओढत रबराचा ओठ पत्र्यावर चढवायचा.

खरा वेळ साफसफाईत जातो. सिलिकॉनचा पातळ थर राहिला तर त्यावर रंग धरत नाही, दुसरा मसाला चिकटत नाही आणि नवे सिलिकॉनही नीट धरत नाही. तो पात्याने खरवडूनच काढावा लागतो. खाली गंज असेल तर तारेच्या ब्रशने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासून प्रायमर मारतात. भोक पडले असेल तर ठिगळ वेल्डिंगनेच लावावे. लांबी (पुटी) भरून रंग फासलेला पत्रा पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकला तर नशीब.

मसाला निवडताना चूक महागात पडते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन उघड्या धातूला गंजवते, ते बॉडीला वापरू नये. स्क्रूने आवळल्या जाणाऱ्या चौकटीला ब्युटाइलची (चिकट रबरी मसाल्याची) पट्टी उत्तम, कारण ती कधी कडक होत नाही आणि पुढे पुन्हा उतरवता येते. काच थेट पत्र्याला चिकटवायची असेल तर पॉलियुरेथेन हा चिकटवणारा मसाला लागतो. तो हवेतल्या दमटपणावर सुकतो, साधारणपणे २४ तासांत सुमारे ३ मिलिमीटर खोलीपर्यंत. सोलापूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत याहून जास्त वेळ लागतो, आणि ‘ऊन आहे, लवकर वाळेल’ हा हिशेब इथे उलटा ठरतो. शिवाय काचेतून येणाऱ्या उन्हाने पॉलियुरेथेनची पकड सुटते. नव्या काचांच्या कडेला काळा पट्टा असतो तो याच कारणासाठी. जुन्या काचेला तो नसेल तर काळा प्रायमर लावावा किंवा वरून पट्टी बसवावी.

संकटकालीन खिडकी गळत असली तरी तिला मसाल्याने कधीही बुजवू नये. तिचे फक्त रबर बदलायचे आणि ती आतून एका हाताने उघडते की नाही ते पाहायचे. आठ वर्षांपुढच्या प्रवासी गाडीला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, तेव्हा ही खिडकी जाम निघाली तर गाडी अडते.

ब्युटाइल लावलेल्या चौकटीचे स्क्रू चार-सहा उन्हे खाल्ल्यावर पुन्हा एकदा आवळावेत. बाहेर दाबून आलेला मसाला प्लास्टिकच्या पट्टीने कापून टाकावा. नळीची चाचणी नंतर परत घ्यावी, आणि खिडकीखालचे प्लायवूड दाबून पाहावे. ते मऊ लागले तर पाणी बरेच दिवस आत मुरत होते असे समजून तेही बदलावे.